पाचजणींचा षटकोन

मे महिन्यात अकोल्यातला माणूस घरात शिरला की आधी चपला काढत नाही, आधी कूलरचं बटन दाबतो. मीही तेच केलं. माझं चुकलं एवढंच, की बटन दाबण्याआधी पलंगाकडे पाहिलं नाही.

पलंगावर, फरशीवर आणि सासूबाईंच्या खाटेच्या पायथ्याशी बायकोनं कापडाचे त्रिकोण मांडून ठेवले होते. आठवडाभर कापत होती ती. आमचा कूलर जुना, पत्र्याचा, सुरू होताना ट्रकसारखा खाकरणारा. त्यानं पहिला श्वास सोडला आणि ज्वारीच्या शेतातून पाखरं उठावीत तसे ते त्रिकोण उठले. काही कपाटावर गेले, काही देवाच्या फोटोमागं, काही उघड्या दारातून थेट गॅलरीत.

"बंद करा," बायको म्हणाली. ओरडली नाही. इतक्या वर्षांच्या संसारात मला एवढं कळलंय, की ती ओरडत नाही तेव्हा नुकसान मोठं असतं. मी घाईघाईनं दुसरं बटन दाबलं. ते पाण्याच्या पंपाचं निघालं. खाली उरलेल्या त्रिकोणांवर बारीक शिंतोडे उडाले.

खाटेवरून सासूबाई म्हणाल्या, "राहू द्या जवाईबापू. हवा त आली."

हे त्रिकोण म्हणजे काय प्रकरण ते आधी सांगतो. मी गणिताचा मास्तर आहे, कुणी विचारलं नाही तरी समजावून सांगायची मला खोड आहे. छापील कापडावर एकच चित्र ठरावीक अंतरानं पुन्हा पुन्हा येतं. ते अंतर धरून कापडाचे सहा अगदी सारखे तुकडे काढायचे. ते एकावर एक असे ठेवायचे, की वरच्या पानाच्या टोकात टाचणी खुपसली तर ती सहाव्या थरातही त्याच पानाच्या त्याच टोकातून निघाली पाहिजे. मग सहाही थर एकदम कापून पट्ट्या करायच्या आणि पट्ट्यांचे त्रिकोण. म्हणजे प्रत्येक चळतीत सहा जुळी भावंडं. ती टोकाला टोक लावून गोल मांडली की षटकोन होतो, आणि कापडात कधी नव्हतीच अशी नक्षी मधोमध उमलते. जत्रेत बांगड्यांच्या काचा भरलेली नळी मिळायची, तिला डोळा लावला की दिसायचं, तसं. कुठल्या चळतीतून काय निघेल ते कापणारीलाही मांडेपर्यंत कळत नाही. असे पुष्कळ षटकोन जोडले की गोधडी. बायको हे मोबाइलवर पाहून शिकली होती.

शिकली ती हौस म्हणून नव्हे. सासरे गेल्यावर सासूबाई अमरावतीचं घर भाड्यानं देऊन आमच्याकडे, जठारपेठेत, राहायला आल्या. पहिलं वर्ष बरं गेलं. दुसऱ्या वर्षी होळीनंतर मात्र त्यांचं जेवण कमी होत चाललं. आधी एक पोळी, मग अर्धी, मग वरणात बुडवलेला चतकोर, तोही अर्धा ताटात. डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि म्हणाले, आजार काही नाही, वय आहे. "वय त माह्यंही हाय, मी काय उपाशी राहून राहिली का?" असं बायको घरी येऊन मला म्हणाली, जणू मीच डॉक्टर. आई जेवली पाहिजे, एवढं एकच तिला त्या उन्हाळ्यात हवं होतं. दिवसभर आईजवळ बसायला काही तरी निमित्त पाहिजे म्हणून तिनं शिलाई मशीन त्यांच्या खोलीत नेलं. कापडही त्यांच्याच ट्रंकेतलं. कधी काळी अमरावतीच्या घराच्या पडद्यांसाठी घेतलेलं, मेंदीच्या रंगाची लांब वाकडी पानं आणि पानाच्या टोकाशी एकेक गोल, काळपट कळी. सासऱ्यांनी तेव्हा ते लावू दिलं नव्हतं. खिडकी उघडली तरी झाडं आणि लावली तरी झाडंच पाहायची का, असं त्यांचं म्हणणं होतं. कापड तसंच कोरं राहिलं.

तर ते उडालेले त्रिकोण आम्ही गोळा केले. जुळवायचं काम मी माझ्याकडे घेतलं. त्रिकोण एकरूप आहेत हे ओळखायच्या कसोट्या मी उभा जन्म पोरांना शिकवल्या. त्यातली एकही कापडाला लागू होईना. सगळेच सारखे दिसत. शेवटी बायकोनं मला हळूच बाजूला सारलं आणि दिवेलागणीपर्यंत सगळ्या चळती लावल्या. एका चळतीत पाचच भरले. सहावा मी कपाटाखाली पाहिला, कूलरच्या गवतात पाहिला, खाली रस्त्यावर जाऊन पाहिला. तो आजतागायत सापडलेला नाही.

"जाऊ दे, ही चळत बाजूला टाकते," म्हणत बायकोनं ते पाच त्रिकोण उगाच एकदा गोल मांडून पाहिले. खाटेवरून सासूबाई वाकल्या.

"टाकू नको. बायका बसल्या हाय तिथं."

मी हसलो. मग चष्मा पुसून पाहिलं आणि माझं हसू तिथंच राहिलं.

पान म्हणजे पाठ होती. पानाची मधली शीर म्हणजे पाठीवरून खाली आलेला पदराचा काठ. कळी म्हणजे अंबाडा. पाच बायका गोल करून, डोकी एकमेकींजवळ आणून, आपल्याकडे पाठ फिरवून बसल्या होत्या. त्यांच्यामध्ये काही तरी काम चाललेलं असावं, तशा खांद्यातून पुढं झुकलेल्या. सहावीच्या जागी आमच्या चादरीचा पांढरा त्रिकोण.

एकदा दिसल्यावर ते पुन्हा पान दिसेना. मी प्रयत्न केला. डोळे मिटून उघडले, दुसऱ्या बाजूनं पाहिलं. बायकाच.

"ह्या त आमच्या बोयीतल्या," सासूबाई म्हणाल्या. बोटानं मोजावं तसं एकेकीवर टेकवत सांगू लागल्या. "ही वकिलीणबाई. ही पोस्टातली. ही मास्तरीण, हिची पाठ पाह्य कशी वाकली. ही गिरणीवाली. अन् ही सिस्टर." बोट पांढऱ्या त्रिकोणावर आलं आणि तिथं थांबलं.

अमरावतीच्या त्यांच्या बोळीतल्या सहाजणी म्हणजे काय, ते मला बायकोनं स्वयंपाकघरात सांगितलं. दर उन्हाळ्यात सगळ्यांचे पापड बोळीतल्या सामाईक आंगणात होत. सहा घरांच्या सहाजणी गोल बसत, नवऱ्याच्या किंवा स्वतःच्या नोकरीवरून एकमेकींना हाका मारत. सासरे कोर्टात कारकून, म्हणून सासूबाई 'कोर्टवाली'. पाट ज्याचे त्याचे ठरलेले. एखादीला यायला उशीर होणार असेल तर तिच्या पाटावर पिठाची एक लाटी ठेवून द्यायची. लाटी आहे म्हणजे पाटवाली येणार, तिथं दुसरं कुणी बसायचं नाही. जिला यायचंच नसेल तिनं तसं स्वतःच्या तोंडानं सांगायचं, 'माझा पाट उचला.' दुसऱ्या कुणी तिच्या वतीनं सांगितलेलं चालत नसे.

"त्यातल्या आता किती आहेत?" मी विचारलं.

"पोस्टातल्या काकू हायत, नागपूरला, पोराकडं. बाकी कोणी नाही."

दुसऱ्या दिवसापासून तो पाचजणींचा षटकोन सासूबाईंच्या ताब्यात गेला. बायकोनं पाच त्रिकोण जोडून दिले, त्यांनी ते एका पुठ्ठ्यावर ठेवून पुठ्ठा उशाशी घेतला. बाकीची गोधडी समोरच्या भिंतीवरच्या पांढऱ्या चादरीला टाचण्यांनी लागत होती, तिच्याकडे त्या पाहत नसत. मी पाहत असे, आणि न पाहतो तर बरं झालं असतं. कारण शेजारच्या चळती त्याच पानाच्या थोड्या पुढच्या भागातून कापलेल्या. तिथं तेच अंबाडे थोडे सरकलेले. एका षटकोनात बायकांनी मान जराशी वळवलेली. त्याच्या शेजारच्यात आणखी जराशी. मी बायकोला म्हटलं, हे षटकोन ओळीनं लावू नको, मधे दुसरे घाल. तिनं का म्हणून विचारलं नाही, लगेच टाचण्या काढल्या. म्हणजे तिलाही दिसलं होतं.

सासूबाई त्या दिवशी दोन घास जेवल्या. "माह्यं होते तिकळे," असं म्हणून ताट सरकवलं.

"तिकडे कुठं?" बायकोनं विचारलं.

"पापड लाटताना लाट्या खाल्ल्या जातेच ना, बाई."

नुकसान माझ्यामुळं झालेलं, तेव्हा भरपाई मीच करायला निघालो. वाटलं, तेच कापड कुठं मिळालं तर सहावा त्रिकोण कापता येईल, जागा बुजेल आणि सासूबाईंच्या डोक्यातून हे निघेल. मोबाइलमध्ये फोटो घेऊन उन्हात जठारपेठेतली कापडाची दुकानं फिरलो. प्रत्येक दुकानदार फोटो पाही, मान हलवी. एकानं चष्मा वर करून विचारलं, "सर, हे कापड आहे का रांगोळी?" तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मी जोडलेल्या षटकोनाचा फोटो दाखवत फिरतोय. तसलं कापड जगात कुठंच नसतं. त्यानं फोटो बोटांनी मोठा केला, थोडा वेळ पाहिला आणि मोबाइल परत देत म्हणाला, "ह्या बाया कोण आहेत?"

मी मोबाइल खिशात घालून बाहेर पडलो.

मग बायकोला आठवलं, की त्याच कापडाचा एक तुकडा अमरावतीच्या घरी पाण्याच्या फिल्टरवर झाकायला असायचा. सकाळच्या बसनं अमरावतीला गेलो. भाडेकरू भला पोरगा, नोकरीवाला. म्हणाला, काका, ते फडकं केव्हाच फेकलं. चहा मात्र दिला. निघताना मी आंगणात थांबलो. आता तिथं साऱ्या बोळीच्या दुचाक्या उभ्या असतात, आरशाला आरसा लागलेला, पाय ठेवायला जागा नाही. पण मधोमध एक गोल जागा मोकळी होती. सहा बायका पाट टाकून बसतील एवढी.

"इथं कोणी गाडी लावत नाही?" मी विचारलं.

"पडते काका तिथं. उतार आहे. स्टँड टिकत नाही."

मी खिशातला पेन काढून त्या फरशीवर आडवा ठेवला. पेन गोल, घरंगळायला अगदी तयार. हलला नाही. फिरवून दुसऱ्या दिशेनं ठेवला, तरी हलला नाही. पोरगा माझ्याकडे पाहत होता, तेव्हा पेन उचलला आणि म्हणालो, हो, आहे खरा उतार. आणि बाहेर जाताना त्या मोकळ्या जागेतून सरळ न जाता गाड्यांच्या आरशांना कोपर घासत वळसा घालून गेलो. वर्गात मी पोरांना शिकवतो, की दोन बिंदूंमधलं सर्वांत कमी अंतर म्हणजे सरळ रेषा.

घरी आलो तर पुठ्ठ्यावर, पाचजणींच्या मधल्या त्या रिकाम्या त्रिकोणात, कणकेची एक लहान गोळी ठेवलेली होती. लाटीएवढी. बायको म्हणाली, मी नाही ठेवली. सासूबाईंना खाटेपासून मोरीपर्यंत जायला वॉकर लागे, शिवाय बायकोचा खांदा. स्वयंपाकघर तर घराच्या दुसऱ्या टोकाला.

"कोणी ठेवली, आई?" बायकोनं विचारलं.

"पाट रिकामा दिसू नये म्हणून ठेवली," सासूबाई म्हणाल्या. कोणी, ते त्यांनी सांगितलं नाही.

गोळी वाळली की बायको फेकून देई. दुसऱ्या दिवशी ताजी असे. आता अकोल्याची दुपार ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगतो. रात्रीची भीती वाटायला माणूस जागा तरी हवा. आमच्याकडे भीती दुपारी वाटते. रस्त्यावर कुत्रं नसतं, दारं-खिडक्या लावलेल्या, पडदे ओढलेले, बाहेर उन्हाचा पांढरा पत्रा आणि आत कूलरची एकसुरी घरघर. अशा एका दुपारी मी पाणी प्यायला उठलो, तर सासूबाई स्वयंपाकघरातून येताना दिसल्या. वॉकर नाही, भिंतीचा आधार नाही. उजवा हात ओंजळीसारखा धरलेला. ताठ, झपझप, कामाची घाई असलेल्या चाळिशीतल्या बाईसारख्या चालत माझ्या अगदी समोरून गेल्या. मी हाक मारली नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. खोलीत गेल्या. मी मागोमाग गेलो, तर त्या खाटेवर आडव्या, डोळे मिटलेले, वॉकर कोपऱ्यात. पुठ्ठ्यावर कणकेची गोळी, ओलसर.

बायकोला सांगितलं. मला वाटलं होतं ती घाबरेल. ती ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "तिथं जायला पायात जोर हाय तिच्या. माह्या ताटापर्यंत यायला नाही."

मग तिनं नागपूरला फोन लावायचं ठरवलं. तिचं गणित सरळ होतं. त्या पाचांतली एक जिवंत आहे हे आईला कानांनी ऐकू आलं की तो गोल मोडेल. पोस्टातल्या काकूंना तिनं आधी सगळं सांगितलं, मग स्पीकर लावून मोबाइल आईच्या हातात दिला.

"काय व कोर्टवाले, जेवत काहून नाहीस म्हणे?" काकूंचा आवाज खणखणीत.

सासूबाई मोबाइलकडे पाहत राहिल्या. "कोण हाय?"

"मी. पोस्टातली. असा भसाडा आवाज अजून कोनाचा हाय बोयीत?"

"पोस्टातली त इथं बसली हाय," सासूबाई शांतपणे म्हणाल्या आणि त्यांनी दुसऱ्या क्रमांकाच्या पाठीवर बोट ठेवलं. "पाय दुखते म्हणून लांब करून बसली."

मला फोन कटल्यासारखं वाटलं. मग काकूंनी विचारलं, "कोणता पाय?"

"डावा."

"स्पीकर बंद कर, पोरी," काकू म्हणाल्या.

बायको मोबाइल कानाला लावून गॅलरीत गेली. आली तेव्हा तिच्या कपाळावर घाम होता. काकूंचा डावा पाय चार दिवसांपासून सुजलाय, म्हणाली, आणि हे त्यांच्या सुनेशिवाय कुणाला माहीत नाही. मग ती आईच्या खाटेवर बसली आणि काकूंचा निरोप त्यांच्याच शब्दांत सांगितला: "मी नाही येत म्हणा एवढ्यात. माहा पाट उचल म्हणा."

सासूबाईंनी ऐकलं. "बरं," म्हणाल्या. "तिनं सोतः सांगतलं ना?"

"स्वतः."

त्यांनी पदराचं टोक घेऊन त्या दुसऱ्या पाठीवर झाकलं. आता चौघीच दिसत होत्या.

"आई," बायको म्हणाली, "तूही तसंच सांग ना त्यांना."

"मी काहून सांगू? मले त जायचं हाय."

असं त्यांनी वाईट वाटून म्हटलं नाही. लग्नाला जायचंय म्हणावं तसं म्हटलं. बायको उठली, मशीनवर बसली आणि बराच वेळ तिनं नुसतं चाक फिरवलं, सुईत दोरा नव्हता.

त्यानंतरचे दोन दिवस सासूबाईंनी नुसतं पाणी घेतलं. तिसऱ्या दिवशी दुपारी मी खोलीत गेलो, तर बायको फरशीवर बसलेली. अंगात तिचा रोजचा गाऊन, पांढऱ्यावर बारीक पिवळी फुलं, किराणा दुकानाच्या बाजूला मिळतात तसला. तिनं त्याचा घेर गुडघ्यावर ताणून धरला आणि कात्रीनं त्यातून एक त्रिकोण कापून काढला. मोजला नाही, आखला नाही.

"अगं, मोठा झाला," मी म्हणालो. गप्प बसणं मला जमत नाही. "मधला कोन साठचाच पाहिजे. फुगेल तो. गोधडी सपाट बसणार नाही."

तिनं पुठ्ठ्यावरची वाळकी गोळी काढून बाजूला ठेवली आणि हातानं, बारीक टाके घालत, तो तुकडा त्या रिकाम्या जागी शिवू लागली. मी फुगण्याची वाट पाहत उभा राहिलो. तुकडा बसला. कुठं चुणी नाही, फुगवटा नाही. पाच हिरव्या पाठी आणि त्यांच्यात एक पिवळ्या फुलांची, डोकं नसलेली, कारण गाऊनवर कळी नव्हती. बायकोनं षटकोन आईच्या हाताखाली ठेवला आणि तिथंच फरशीवर, खाटेला पाठ लावून बसून राहिली.

सासूबाई जाग्या झाल्या तेव्हा त्यांची बोटं नेहमीसारखी गोल फिरली. वकिलीण, मग पोस्टातलीला ओलांडून मास्तरीण, गिरणीवाली, सिस्टर. मग थांबली. पुन्हा मागं जाऊन आली. त्या कोपरावर उठल्या.

"हे कोण बसलं?"

"मी हाय, आई."

"तू?"

"जागा होती. बसली."

"तुह्यं काय काम हाय तिथं? ऊठ."

"बसू दे. पाय दुखून राहिले माह्ये."

"ऊठ म्हणते ना. मेलेल्या बाया हाय त्या." हे त्यांनी तोवर एकदाही म्हटलं नव्हतं. बोलल्या आणि स्वतःच दचकल्या. मग त्या पिवळ्या तुकड्याच्या टाक्यांना नखं लावू लागल्या. टाके बारीक, पक्के. नखांत जोर नव्हता. "जवाईबापू, हिले उठवा तिथून."

"माझं कधी ऐकलंय का तिनं, आई?"

"कात्री द्या मंग."

मी दिली. ती त्यांच्या हातून पांघरुणावर पडली. दुसऱ्यांदाही पडली.

"हातात जीव नाही माह्या," त्या म्हणाल्या. मुलीकडे पाहून म्हणाल्या, रागानं.

"मंग खा," बायको म्हणाली. खाटेला पाठ लावूनच, मागं न वळता. तिचा चेहरा मला दिसत होता, त्यांना दिसत नव्हता. बरंच होतं ते.

बाहेर कुठं तरी टपरीचा पत्रा उन्हानं तडकला. सासूबाईंनी विचारलं, "काय हाय?"

भाकर होती आणि वांग्याची भाजी. भाकर दुधात कुस्करून आणते म्हणाली बायको, तर त्या म्हणाल्या, भाजीसंगच आण. त्या जेवल्या ते भूक लागल्यासारखं नव्हे. एखादं जड काम करायचंय आणि त्यासाठी अंगात ताकद आणायचीय, तसं. प्रत्येक घासाला षटकोनाकडे पाहून. त्या पाचजणींकडे मी सासूबाईंना इतक्या रागानं पाहताना प्रथमच पाहिलं.

पुढचे काही दिवस हेच चाललं. जेवायचं, मग टाके उसवायला बसायचं. बायकोनं मदत करू का विचारलं तर म्हणत, तू तिथं बसली हाय, तू काय मदत करशीन. टाचणीनं एकेक टाका निघे. ज्या दिवशी शेवटचा निघाला त्या दिवशी त्यांनी तो पिवळा तुकडा दोन्ही हातांनी झटकला, पिठाचा पोळपाट झटकावा तसा, आणि मुलीच्या हातात दिला.

"घे. अन् पुन्यांदा जाजो नको."

मग उरलेले पाच त्रिकोणही त्यांनीच सांगून वेगळे करवले. वेगळे झाल्याबरोबर बायका नाहीशा झाल्या. पाच सुटी पानं, पाच कळ्या, पडद्याचं कापड. मी दिव्याखाली धरून पाहिले, नुसती पानंच. 'पाट उचला' असं मात्र सासूबाई कुणाला म्हणाल्याचं मी ऐकलं नाही, आणि बायकोनंही पुन्हा तो विषय काढला नाही. आता त्या अर्धी भाकर खातात आणि भाजीत मीठ कमी आहे म्हणतात. पोस्टातल्या काकूंच्या पायाची सूज उतरली. गोधडी पूर्ण झाली, सासूबाईंच्या पायथ्याशी असते. तिच्यात मान वळवलेल्या बायका आहेत, दूर दूर लावलेल्या. मला त्या कुठं कुठं आहेत ते पाठ आहे आणि मी तिची घडी उलटीकडून घालतो.

एक गोष्ट मात्र माझ्या मास्तरकीला टोचत राहिली. परवा बायको त्याच गाऊनला ठिगळ लावत बसली होती, आईच्या खोलीच्या दाराशी, आत त्या घोरत होत्या. मी तो पिवळा तुकडा कपाटातून काढून मोजला. मधला कोन सत्तरच्या वर भरला. म्हटलं, हे बघ, पाच त्रिकोणांनंतर साठच अंश उरतात, त्यात सत्तर मावत नाहीत. हा तुकडा तिथं सपाट बसणं शक्यच नव्हतं. मी स्वतः पाहत होतो, चुणीसुद्धा पडली नाही. कसा बसवलास तू तो?

तिनं दोरा दातानं तोडला, गाऊनचं ठिगळ उजेडाला धरून पाहिलं आणि म्हणाली, "मोठाच होता हो. मले वाटलं, नाही बसत म्हणून. पण मी शिवाले घेतला अन् दोघी-तिघी जराशा सरकल्या."